सासूबाईंची नजर

सासूबाईंना जाऊन वर्ष झालं, तरी घरातल्या कॅमेऱ्यातून अजून त्याच बघत होत्या. त्यांच्या मुलाने, शिरीषने, त्यांचा आवाज, स्वभाव, सवयी, सगळं त्यात उतरवून घेतलं होतं.

"वृंदा, दूध उतू जातंय." "वृंदा, इतका वेळ कुणाशी बोलतेस?" स्वयंपाकघराच्या छतावरचा तो काळा गोळा दिवसभर सुनेमागे मान फिरवायचा.

"आता हे बंद करूया ना," त्या संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, तर शिरीषने अशी मुस्काटात ठेवून दिली की ती ओट्यावर आदळली. ओठ फुटला.

"माझ्या आईला घराबाहेर काढतेस?" म्हणत तो दार आपटून निघून गेला.

वृंदाने वर पाहिलं. "आई, पोलिसांना दाखवायला हवं. तुम्ही पाहिलंत ना?"

कॅमेऱ्याने मान कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडे वळवलेली होती.

"जप करत होते गं. माझं लक्ष नव्हतं."

स्वभाव अगदी हुबेहूब उतरला होता. जिवंतपणीही अशा वेळी त्या नेमक्या देवाकडे तोंड करून बसायच्या.

वृंदा तिथेच खाली बसली. जरा वेळाने मान पुन्हा तिच्याकडे वळली.

"फरशीवर रक्त सांडलंय बघ. तो यायच्या आत पुसून घे."