मार्चात घरी गेली

"अजून थोडी वाक, अर्वेला. गाल दगडाला टेकव," फोटोवाला म्हणाला, आणि अर्वेला रॅटलिफने आपल्या आईच्या थडग्यावर गाल टेकवला. दगड प्लायवूडचा होता. रंग सकाळीच दिलेला, त्यामुळे गालाला राखाडी डाग लागला.

आई जिवंत होती. खाली दरीत, दोन मैलांवर, आपल्या घरात. इथे हे दोघांनाच ठाऊक होतं: अर्वेलाला आणि तिचा मॅनेजर ड्वाइट पेलला.

खोटं बोलायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. नॅशव्हिलच्या भाड्याच्या खोलीत मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं. गाणंबिणं सोड आणि गावी चल, असं आईचं म्हणणं. शेवटी ती एकटीच बस पकडून केंटकीला परतली आणि अर्वेलाने रडत रडत गाणं लिहिलं, 'आई मार्चात घरी गेली'. आता इकडच्या बोलीत माणसं मरत नाहीत, ती घरी जातात. ऐकणाऱ्यांनी घ्यायचा तो अर्थ घेतला. रेडिओवरच्या निवेदकाने हळूच विचारलं, "किती दिवस झाले हो त्यांना जाऊन?" ती म्हणाली, "दोन वर्षं." खरंच झाली होती. त्याने टोपी काढून छातीशी धरली. टेबलाखाली ड्वाइटने तिचा पाय दाबला. सात वर्षं दारुड्यांपुढे घसा फोडलेली अर्वेला मूग गिळून गप्प बसली. गाणं पाच आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. आता त्याच नावाची तिची पहिली मोठी रेकॉर्ड निघणार होती, आणि हा फोटो तिच्या वेष्टनावर यायचा होता.

ड्वाइट पडला शहरी. तिच्या गावचीच, फुलांनी भरलेली दफनभूमी हवी म्हणून त्याने मे महिन्यातला नेमका हा रविवार निवडला. फुलं का असतात, ते काही त्याने विचारलं नाही. अर्वेलाला माहीत होतं. या रविवारी सगळी दरी वर येते, आपापल्या माणसांची थडगी झाडूनपुसून फुलं वाहते. पण बारापर्यंत सगळे चर्चमध्ये असतील, तोवर आटपू, असं तिने मनाला समजावलं. गरज असली की मनाला काहीही पटतं.

साडेअकरालाच ओमा रॅटलिफ चढ चढून आली. हातात कागदी फुलं होती, नवऱ्यासाठी. चढाने बिचारीला धाप लागली होती, पण लेक दिसताच म्हातारीचा सगळा चेहरा हसला.

"आलीस होय गं, पोरी! आणि हे काय, गालाला काय फासलंयस?"

पदर नव्हता, म्हणून तिने झग्याची बाही पुढे केली, आणि मग तिची नजर दगडावर गेली. ओमाची शाळा जेमतेम दुसरीपर्यंत. पण स्वतःचं नाव तिला वाचता येत होतं. खाली लिहिलं होतं, 'घरी गेली, मार्च १९६४'. बाही तशीच हवेत राहिली.

फोटोवाला मनाने चांगला होता. त्याने कॅमेरा खाली केला. "मावशी, तुम्ही ओळखत होतात हिच्या आईला?"

ओमा लेकीकडे बघत राहिली. रागाने नव्हे. लहानपणी अर्वेलाचा पाढा अडला की ती अशीच थांबायची.

'ही माझी आई.' तीनच शब्द. अर्वेलाच्या जिभेवर आलेही होते. ड्वाइट नुसता खाकरला.

"शेजारच्या आहेत," अर्वेला म्हणाली. "लहानपणी मी यांच्याकडे खेळायला जायचे."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी शब्द काही तिने मागे घेतले नाहीत.

ओमाने फुलं खाली ठेवली. नवऱ्याच्या थडग्यावर नाही, प्लायवूडपुढे.

"ओळखत होते की," ती फोटोवाल्याला म्हणाली. "तारीख तेवढी चुकलीय बघा, साहेब. ती आत्ताच गेली."