फोटो हलला

“हलला म्हणजे नेमका कुठे हलला? वर की बाजूला?” उद्याबाईंनी फोनवर विचारलं.

फोनवाल्या ताईंनी कपाळाला हात लावला. हा सहावा फोन. उद्याबाई हे नाव त्यांनीच ठेवलं होतं, मनातल्या मनात. बासष्ट वर्षांची बाई, स्तनांच्या तपासणीला आपणहून आलेली, आणि परत बोलावल्यापासून दर वेळी ‘उद्या बघते’ म्हणणारी. तीन आठवडे असेच गेले होते.

“ते मला कसं कळणार, काकू? फोटो पुन्हा काढायचाय, एवढंच. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“मग त्याच दिवशी का नाही काढला? मी कपडे बदलून बाहेर बाकावर बसलेच होते की.”

“गर्दी होती हो.”

“बरं. उद्या बघते.” पलीकडून फोन ठेवला गेला.

तपासणी केंद्रात ताईंना अकरा वर्षं झाली होती. डॉक्टरांनी यादी द्यायची आणि ताईंनी फोन करायचे. परत बोलावण्याची कारणं बहुतेक साधीच असत. कुणाच्या काखेतली पावडर फोटोत ठिपक्यांसारखी दिसे, कुणाच्या कातडीला घडी पडलेली असे, कुणाचा जुना फोटो ताडून बघायला नसे. काहींच्या फोटोत खरंच काहीतरी दिसे, पण त्यातल्याही बऱ्याच जणी दुसऱ्या तपासणीत सुटत. हे सगळं फोनवर समजावायला गेलं की मात्र पलीकडे रडारड सुरू होई. एका बाईने तर ऐकता ऐकता फोनच खाली टाकला होता. तेव्हापासून ताईंनी सगळ्यांसाठी एकच कारण ठरवून टाकलं. फोटो हलला. दोष केंद्राच्या माथी, बाईच्या जिवाला घोर नाही. बायका कुरकुरत, केंद्राच्या नावाने बोटं मोडत, पण येत. या युक्तीचा ताईंना थोडा अभिमानच होता.

दुपारी डॉक्टर मॅडम यादी घेऊन टेबलापाशी आल्या.

“या अजून आल्या नाहीत?”

“नाही ना. फोटो हलला म्हटलं की वकिलासारखी उलटतपासणी घेतात माझी.”

मॅडम हसल्या नाहीत. “डाव्या बाजूला बारीक गाठ वाटतेय, वाटाण्याहूनही लहान. नसेलही. पण असली तर आत्ता आपल्या हातात आहे. अजून चार महिन्यांनी मी हेच म्हणेन असं नाही.”

ताईंनी डबा उघडला. तुमचा फोटो तुम्हीच बिघडवलात, मग मी कशाला हेलपाटा घालू, असंच त्या बाईला वाटत असणार. आणि तसं वाटायला लावलं कुणी? ताईंना स्वतःचा राग आला. त्यांनी डबा तसाच बंद केला आणि सातवा फोन लावला.

“काकू, मी तुमच्याशी खोटं बोलले. फोटो हललेला नाही, चांगला स्वच्छ आलाय. डाव्या बाजूला काहीतरी दिसतंय. असं दिसलं तरी बहुतेकींचं काही निघत नाही. पण तुमचं काय आहे ते नीट बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून मागे लागलेय तुमच्या.”

आता पडतो फोन, असं ताईंना वाटलं.

“केवढं दिसतंय?” उद्याबाईंचा आवाज एकदम बारीक झाला होता.

“वाटाण्याएवढं. त्याहून लहानच.”

“एवढंच?”

“एवढंच.”

उद्याबाईंनी नाक ओढलं. “तुम्ही किती वाजेपर्यंत आहात तिथे?”

“पाचपर्यंत. पण उद्या सकाळी आलात तरी चालेल.”

“उद्या कशाला? आत्ताच निघते. मी तर सगळं हाताबाहेर गेलंय असं धरून बसले होते. कपाटं आवरून झाली, किल्ल्या सुनेच्या हातात देऊन झाल्या.”

ताई चक्रावल्या. “पण काकू, मी तर फोटो हलला एवढंच म्हणत होते.”

“अगं, तेच ना. तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला मी. गिऱ्हाइकाचा चेहराच पार बिघडलेला असला, तोंडावर सांगवत नसलं, की मीही हेच सांगायचे. फोटो हलला.”