डोकं हद्दीत

स्वयंपाकघराच्या फरशीवर पिवळ्या ऑइलपेंटने एक तिरकी रेघ मारलेली होती. ती फ्रिजच्या जागेपासून निघून ओट्यासमोरून थेट सिंकखाली जात होती.

"हे काय, गळती आहे का?" बाबांनी विचारलं.

"हद्द आहे," एजंट म्हणाला. "रेघेपलीकडे, ओट्याच्या बाजूला, वरची शाळा. अलीकडचं सगळं घर खालच्या शाळेत. नकाशातली रेघ इथूनच जाते, मालकांनी फक्त रंगवून घेतली. आपलं सगळं उघड असतं."

बाबांनी नकळत एक पाय पलीकडे टाकला.

"आणि संडास?"

"तो खालच्या शाळेत."

वरची शाळा सरकारी होती आणि खालचीही. फी दोन्हीकडे शून्य. फरक होता तो घरभाड्यात. वरच्या शाळेच्या हद्दीत अख्खं घर घ्यायचं तर आईबाबांच्या दोन पगारांना तिसरा पगार जोडावा लागला असता, आणि मुलगी अजून कमावती नव्हती. ती तिसरीत जायची होती.

"नियम साधा आहे," एजंट म्हणाला. "मूल जिथे झोपतं, ती त्याची शाळा. तपासनीस येतो सकाळी सकाळी, न सांगता. अंथरूण कुठे आहे बघतो, टिकमार्क करतो, जातो. चहासुद्धा घेत नाही."

"म्हणजे हिने ओट्याखाली झोपायचं?"

"सिलिंडर बाल्कनीत काढला की एक मूल आरामात मावतं. मागच्या भाडेकरूंची तर दोन झोपायची. जुळी होती, पण शिस्तीची."

"पाय रेघेबाहेर येतील."

"पायांना कोण विचारतंय साहेब? डोकं बघतात. शिक्षण डोक्याला द्यायचं असतं."

बाबांना हे पटलं. पटलं याचं त्यांना वाईटही वाटलं, पण जिन्यात दुसरं एक कुटुंब थांबलेलं होतं. त्यांच्याकडे मोजायची टेप होती आणि त्यांचं मूल बुटकं होतं.

"जरा झोपून दाखव गं," बाबा मुलीला म्हणाले.

मुलगी सिलिंडरला वळसा घालून ओट्याखाली शिरली. तिचे मोजे तेवढे अलीकडे राहिले.

"इथे झुरळ आहे," ती आतून म्हणाली.

"वरच्या शाळेचं आहे," एजंट म्हणाला. "काही करत नाही."

"आत्ताच्या घरी तिला स्वतःची खोली आहे," बाबा आईजवळ जाऊन हळूच म्हणाले. "पंखा आहे. भिंतीवर एवढी चित्रं काढलीत तिने."

आई खिडकीपाशी उभी होती. खिडकीतून, गल्लीच्या पलीकडे, खालची शाळा दिसत होती. पत्र्याचं छप्पर, एकाच नळापुढे रांग, आणि आत जागा नाही म्हणून भिंतीच्या सावलीत बसवलेला एक वर्ग.

"तिकडे बघूच नका वहिनी," एजंट म्हणाला. "ती काय शाळा आहे? कोंडवाडा आहे नुसता. शिक्षक येतात, सही ठोकतात, गायब. अहो, आपलं मूल तिथे घालणाऱ्याला आधी दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"आई तिथेच शिकवते," ओट्याखालून आवाज आला.

एजंटने खिशातून रुमाल काढला आणि वाकून फरशीवरची रेघ पुसायला घेतली. ऑइलपेंट असल्यामुळे हद्दीला काही झालं नाही.

"मग मॅडम," तो उठता उठता म्हणाला, "तुम्हाला तर आतलं सगळं माहीतच असेल."

"माहीत आहे," आई म्हणाली. "म्हणून तर आलेय."

"तुझ्याच वर्गात बसली असती तर..." बाबांनी सुरुवात केली.

"माझ्या वर्गात एका पोत्यावर पाच जणी बसतात. हिला काय मांडीवर घेऊ? आणि आजचंच बघ. दाढ दुखते म्हणून सांगून मी इथे आलेय. माझ्या जागी तिथे कोण आहे?"

कोणीच नव्हतं. सावलीतल्या वर्गापुढे मॉनिटर उभी होती आणि सातचा पाढा घेत होती. सगळा वर्ग जीव तोडून ओरडत होता. सात सक बेचाळीस. सात साती एकोणपन्नास. सात आठे चोपन्न.

"छप्पन्न!" मुलगी ओट्याखालून ओरडली.

"बघा!" एजंट म्हणाला. "डोकं हद्दीत गेल्या गेल्या फरक पडला."

बाबा हसले. आई हसली नाही. तो पाढा मुलीला तिनेच शिकवला होता, रोज शाळेतून आल्यावर, पोळ्या लाटता लाटता.

बाहेरच्या कुटुंबाने दारावर टकटक केली.

"बोला मॅडम," एजंट म्हणाला. "ते लोक आत आले की माझ्या हातात काही राहणार नाही."

"घेतलं," आई म्हणाली. "सिलिंडर आजच हलवा."

ओट्याखालचे मोजे आनंदाने हलले, किंवा झुरळ तिकडे गेलं असेल.

गल्लीपलीकडे वर्ग "सात नव्वे" म्हणाला आणि थांबला. सात नव्व्याला तो रोजच अडायचा, आणि तिथून पुढचं बाईंनी सांगायचं, हेही रोजचंच होतं. मॉनिटरने पट्टी खाली ठेवली. सगळी मुलं गप्प बसून वाट बघायला लागली.

बाईंनी खिडकी ओढून घेतली आणि कडी लावली.