ताजं पाणी

लेन्स डोळ्यात गेली आणि वैजयंतीने बेसिनची कड घट्ट धरली. तिखटाचा हात लागावा तशी आग. आजही.

हात साबणाने धुतले होते. टॉवेलचे तंतू बोटांना लागतात म्हणून नुसते झटकून वाळवले होते. रात्री लेन्स काढून तळहातावर बाटलीतल्या सोल्युशनने हलक्या हाताने चोळल्या होत्या, धुतल्या होत्या, डबीत नवीन सोल्युशन भरून त्यात सोडल्या होत्या. दादरच्या चष्मेवाल्याने सांगितलेलं एक अक्षर तिने गाळलं नव्हतं. मग चुकतंय कुठे?

"वैजू, झालं का गो? बाळ उठलंय," बाहेरून यशोदाबाईंची हाक आली.

"आले, आई."

डावा डोळा जास्वंदीसारखा लाल. "पावडर गेली डोळ्यात," ती बाहेर येऊन म्हणाली. काल मिरचीची फोडणी होती, परवा खाडीवरचा वारा. सासूबाईंनी बाळ तिच्या मांडीवर दिलं.

यशोदाबाई नातीसाठी गुहागरहून वाशीला आल्या, आणि वैजयंतीचा चष्मा साड्यांच्या घडीखाली गेला. एरवी ती घरात चष्माच लावायची. लेन्स लग्नकार्यापुरत्या, नाहीतर फोटोपुरत्या. पण तिला बघायला मंडळी आली, तेव्हा तिच्या आईने लेन्स घालूनच बसवलं होतं. नाकावरचे वळ पावडरने झाकले होते. उणे सात नंबर! कोण पसंत करणार? सुधीरला हे लग्नानंतर कळलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. पण स्वतःच्या आईचा विषय निघाला की तोही आवाज खाली आणायचा. "आत्ता नको सांगूस. मुलीकडच्यांनी फसवलं म्हणेल. जन्मभर ऐकावं लागेल."

म्हणून आता डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत लेन्स. डबी बाथरूमच्या फळीवर, पावडरच्या डब्यामागे.

सासूबाई तिच्या आधी उठायच्या. पहाटे नळ येतो, आणि कालचं पाणी घरात ठेवायचं नाही हा त्यांचा नेम. हंडा, कळशी, देवाचा तांब्या, सगळं उपडं करून, घासून, ताजं भरायचं. भांड्यांच्या त्या आवाजाने वैजयंती जागी व्हायची आणि भिंत चाचपत बाथरूममध्ये शिरायची.

तिने साबण बदलला. बाळाचं काजळ फेकून दिलं. सुधीर पुलापलीकडे जाऊन दादरहून नवीन बाटली घेऊन आला. तरी आग तशीच. बाळंतपणानंतर डोळे बदलतात का? की बाळाच्या मालिशचं तेल नखात राहतं? कधीकधी डबीची झाकणंही अदलाबदल झाल्यासारखी वाटायची, डाव्याचं उजव्यावर. मग ती स्वतःवरच चिडायची. रात्री आपणच चुकीची लावली असतील. आपलं डोकं तरी ठिकाणावर आहे का?

शनिवारी सकाळी बाळाच्या औषधाचा चमचा तोंडाऐवजी गालाला लागला. एकाची दोन बाळं दिसत होती. चमचा खाली ठेवून ती रडायलाच लागली. सुधीरने तिला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी लेन्स काढल्या, डोळा तपासला. "बुबुळावर जखम झाल्ये. आणखी थोडे दिवस ओढलं असतंत, तर डाग पडला असता. तो मग जात नाही. लेन्स नळाच्या पाण्यात ठेवता?"

"छे हो! सोल्युशनमध्येच ठेवते."

"लेन्स फुगलीये, डोळ्याला चिकटून बसली होती. हे पाण्याचंच काम. नळाचं पाणी प्यायला चांगलं, लेन्सला नाही. उकळलेलंसुद्धा चालत नाही."

"डॉक्टर, शपथ घेऊन सांगते, मी रोज बाटलीतलंच..."

"मग बाटली खोटं बोलते की तुम्ही?" डॉक्टर हसले. "ह्या फेकून द्या. डबीसुद्धा. डोळ्यात थेंब घालत राहा, सोमवारी परत दाखवा. आणि मी सांगेपर्यंत फक्त चष्मा."

परतताना रस्ता, इमारती, माणसं, सगळं एकमेकांत कालवल्यासारखं दिसत होतं. सुधीरचा दंड धरून ती जिने चढली. पाणी? कुठलं पाणी? तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं, की बाळाचा चेहरा पुन्हा नीट दिसायला हवा असेल तर आज सासूबाईंसमोर चष्मा लावायला लागणार.

ती सरळ कपाटाकडे गेली. साड्यांखाली हात घातला. चष्मा नव्हता. वरच्या घडीत नव्हता, खालच्या घडीतही नव्हता.

"हा घे." मागून आवाज आला. यशोदाबाईंनी पदराने काचा पुसून चष्मा तिच्या हातात ठेवला.

तिने तो लावला. सासूबाईंचा चेहरा स्पष्ट झाला. त्यावर राग नव्हता.

"आई, तुम्हाला... कधीपासून?"

"पोहे घेऊन आलीस तेव्हापासून. घामाने पावडर गेली होती हो. नाकावर दोन वळ, हे एवढाले. म्हटलं, पोरीला लाज वाटत्ये तर आपण कशाला बोला? सांगेल तिची ती." त्यांनी पाळण्याला हलकेच झोका दिला. "पण आल्या दिवसापासून, पहाटे नळ आला की पहिली धार तुझ्या त्या डबीत. चकत्या बोटाने अलगद धरायच्या आणि रात्रीचं सगळं ओतून टाकायचं. एक दिवस शिळं राहू दिलं नाही मी, तुझ्या डोळ्यांचं पाणी."