बॅगांची खूण

लेकाला प्रवासात खायला दशम्या घेऊन आलेल्या इंदुताईंचा पाय उंबऱ्यातच अडला. बार्सिलोनाला निघालेल्या चारही बॅगांच्या हँडलला डाळिंबी चिंध्या बांधल्या होत्या. एकीला जरीचा काठही होता.

बीचवरच्या टोप्या बॅगेत कोंबत सून म्हणाली, "कपाटात जुनी साडी पडून होती, आई. एवढी जड नेसतंय कोण? म्हटलं, फाडावी."

इंदुताईंनी गाठ चाचपली. तो त्यांचा लग्नातला शालू होता. मलमलीत गुंडाळून त्यांनी जन्मभर जपला आणि मोठ्या हौसेनं या सुनेच्या ओटीत घातला होता.

लेक खूश होता. "विमानतळावर सगळ्या बॅगा सारख्याच दिसतात गं. आता आपल्या लांबूनच ओळखू येतील."

"येतील की," डबा टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "मी तर दारातूनच ओळखलं."