सातवीची सकाळची शाळा

“आमची शाळा झाली, गुरुजी,” सोमी म्हणाली आणि दप्तर खांद्याला अडकवून उभी राहिली.

देसले गुरुजींनी मोटारसायकल स्टँडला लावली, पण हँडलवरचा हात काढायचं त्यांना सुचेना. शाळा भरायची वेळ तर आत्ता कुठे होत होती. आणि त्यांचा सातवीचा अख्खा वर्ग आवारातल्या चिंचेखालून उठून घरी निघाला होता. बुंध्याला टेकवलेल्या फळ्यावर अपूर्णांकांची गणितं होती. सोमीने उजाडताच पोरांना गोळा केलं होतं आणि ज्याला जे येत होतं, ते त्याने बाकीच्यांना शिकवलं होतं.

सातवीची खोली पडायला आली होती, म्हणून वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. किन्हवलीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या या पाड्यावर यंदा मार्चमध्येच असं ऊन तापलं, की दुपारी बाकाला हात लाववेना. वर्गातली कमळू दोनदा चक्कर येऊन पडली. पोरांनी सकाळची शाळा मागितली. गुरुजींनी वर कळवलं. आदेश काही आला नाही, आणि आदेशाशिवाय वेळ बदलणाऱ्यांतले ते नव्हते.

“आत चला,” ते म्हणाले. “शाळेची वेळ मी ठरवत नाही. तुम्हीही ठरवायची नाही.”

कोणी हललं नाही. सोमी एक पाऊल पुढे आली.

“तुमीच शिकवलंत गुरुजी, उन्हाळा आता पहिल्यासारखा ऱ्हायला नाय. मंग शाळा पहिल्यासारखी कशी चालल?”

हवामानबदलाचा धडा त्यांनी मागच्याच आठवड्यात, त्याच शेडमध्ये, घाम पुसत पुसत शिकवला होता. प्रश्न विचारत जा, असंही पोरांना सांगितलं होतं. आता मात्र त्यांची कानशिलं तापली.

“जो आत येणार नाही, त्याने उद्या बापाला घेऊन यायचं.”

पोरं खाली मान घालून त्यांच्या समोरून गेली. आत एकही आलं नाही. सगळ्यात शेवटी कमळू गेली, सोमीचा हात धरून.

गुरुजी हट्टाने रिकाम्या वर्गात जाऊन बसले. दुपार चढली तशी शेडची भट्टी झाली. सदरा अंगाला चिकटला, डोकं गरगरायला लागलं. शेवटी ते उठले आणि पाणी प्यायला पलीकडच्या पक्क्या इमारतीत गेले. तिथे धाकटे वर्ग भरले होते.

तांब्या तोंडाला लावला आणि भर दुपारी अंधारून आलं. वारा असा उठला, की आवार दिसेनासं झालं. गुरुजी दाराशी आले तेव्हा शेडचं छप्पर वर उचललेलं होतं. ते तसंच उलटं होऊन लोखंडी खांबांसकट बाकांवर आदळलं. शेडची मागची भिंत त्यावर कोसळली. मग गारा सुरू झाल्या.

गारा थांबायच्या आतच कमळूची आई, गिरजा, रानातून धावत आली. ती सकाळीच लाकूडफाट्याला गेली होती. पोरगी शाळेत आहे, एवढंच तिला ठाऊक. ती सरळ ढिगाऱ्यावर चढली आणि पत्रे ओढायला लागली.

“गिरजाबाई, आत कोणी नाही,” गुरुजी पुन्हा पुन्हा सांगत होते. तिला ते ऐकूच जात नव्हतं. पत्र्याने तिचे तळवे फाटले, तरी ती ओढत राहिली.

तेवढ्यात पाड्याकडून पोरं पळत आली. मागून कमळू म्हणाली, “आये.”

गिरजा वळली. तिने पोरीचं तोंड चाचपलं, डोकं चाचपलं. मग चिखलात गुडघे टेकून तिने गुरुजींचे पाय धरले.

“पोरांना टायमावर सोडलंत गुरुजी. देव पावला.”

पाड्यावरची माणसं जमली होती. सगळी त्यांच्याकडेच बघत होती. सोमीही बघत होती.

गुरुजींनी वाकून गिरजाचे रक्ताळलेले हात पायांवरून सोडवले.

“मी नव्हतं सोडलं,” ते म्हणाले. “मी त्यांना आत बोलावत होतो.”