भलत्याच घरात

मुखेडजवळचं गाव सोडून सटवाजी लेकाकडे लातूरबाहेरच्या नव्या कॉलनीत आले. चौथ्या दिवशी सकाळी फिरायला निघाले आणि परतताना घरच सापडेना. सगळी घरं एकाच रंगाची, फाटकंही अगदी सारखीच. गावात नुसतं नाव सांगितलं तरी कुणीही दारापर्यंत आणून सोडायचं. इथं विचारायला रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ऊन चढलं, चालून चालून दमले. शेवटी अंदाजानं एका घरात शिरून खाली टेकले. "सूनबाई, पाणी आण गं." पाणी घेऊन आली ती अनोळखी म्हातारी. सटवाजी शरमेनं उठलेच. "चुकलो बाई. घर वळखू येईना." "बसा हो," म्हातारी हसली. "मी तर गेल्या महिन्यात भलत्याच घरात जाऊन झोपले होते!" "मग माझं घर कोणतं?" "मला काय ठाव? च्या घ्या, मग दोघं मिळून हुडकू." सटवाजींनी हसत पुन्हा निवांत मांडी घातली.